दीड हजार रुपये आणि नमुना ४

माणदेशी (चर्चेचा धागा काढणारा)

दिवाळीत गावी गेलो होतो, माण तालुक्यात. महा ई-सेवा केंद्राच्या पायरीपासून पार चावडीपर्यंत बायकांची रांग. महिन्याला दीड हजार रुपये खात्यात देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी चालू होतं. सर्व्हर गेला की रांग खाली बसायची, आला की उठायची. त्याच दुपारी ग्रामपंचायतीत सहज विचारलं, यंदा नमुना ४ भरून रोजगार हमीचं काम किती जणांनी मागितलं? ग्रामरोजगार सेवकानं रजिस्टर काढून समोर ठेवलं. एप्रिलपासून एकही नोंद नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नमुना ४ म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज. तो देऊन तारखेची पोच घेतली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारभत्ता. सगळा जोर त्या पोचेत आहे, आणि तीच मिळता मिळत नाही.

पुण्यात परत आल्यापासून ते कोरं पान डोक्यातून जात नाही. गरीब गावाला आधार द्यायचा तर तो कामाच्या हक्कातून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. खात्यात पैसे टाकणं सोपं आहे. पण त्या सोपेपणात गावाची एक ताकद संपत चालली आहे.

७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. दगड धरलेल्या डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि नख कायमचं दुभंगलं. कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः अर्धीच खायची, उरलेली पदरात बांधून पोरांसाठी आणायची. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. शेतात काही उरलं नव्हतं, तरी आठवड्याची मजुरी हातात पडत होती, म्हणून बाजारातलं धान्य विकत घेता आलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे: माणसं धान्य नसल्यामुळेच मरतात असं नाही, धान्य मिळवण्याची ऐपत गेली की मरतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात शेतमजूर आणि मासेमार यांची ती ऐपत गेली होती. महाराष्ट्रात ७२-७३ ला ती कामानं टिकवली.

रोजगार हमीची ही कल्पना बाहेरून आलेली नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ती करून पाहिली. आपल्या राज्याचा कायदा १९७७ चा, तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. देशानं असा कायदा करायला २००५ उजाडलं. आणि पैसा? पुण्यात पगार घेणाऱ्यांनी आपली पगाराची पावती काढून बघा. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला. हिंजवडीत बसलेला माणूस आजही वर्षाला २,५०० रुपये भरतो, आणि ते मूळ कशासाठी होते हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

खडीच्या कामावर दोनशे बाया एकत्र असायच्या. मजुरी थकली की त्याच दोनशे जणी तहसीलवर जायच्या. आज प्रत्येक जण आपापला मोबाईल घेऊन मेसेजची वाट बघते. हप्ता चुकला तर मोर्चा कुणाबरोबर काढायचा?

वेल्ह्याची वाट

दादा, आजीचा अंगठा वाचून गलबलून आलं. पण मला त्यातून नेमका उलटा अर्थ दिसतो. पोरांना खायला घालण्यासाठी बाईनं अंगठा फोडून घ्यावा, ही अट कुणी घातली?

मी अकरा वर्षं वेल्हे तालुक्यात (आता राजगड) बालपोषणाचं काम करते. तुमच्या सिद्धांतामागे एक जुना सिद्धांत दडलाय, त्याचं नाव कामाची कसोटी. काम इतकं जड आणि मजुरी इतकी कमी ठेवायची की खरोखर नाडलेलाच येईल. म्हणजे खोटा गरीब गाळण्यासाठी खऱ्या गरिबाला उन्हात उभं करायचं. इंग्रजांनी हेच केलं. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानं दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक रत्तल (साधारण अर्धा किलो) धान्याच्या हिशेबावर आणली. आपल्या इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, आणि त्या मजुरीविरुद्ध आपल्याच पुण्यातली 'सार्वजनिक सभा' ही संघटना उभी राहिली. त्या वेळी पुण्यानं मजुराची बाजू घेतली होती, कसोटीची नाही.

आता माझ्या वाडीवरची गोष्ट. कातकरी बाई, सातवा महिना, धाकटं पोर कुपोषित. तिला मी काय सांगू, नमुना ४ भर? तिच्या सासूला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. शेजारच्या घरात पोलिओ झालेला तरुण. काम हा हक्क ज्याच्या अंगात बळ आहे त्याचा. उरलेल्यांचं काय?

तिला दीड हजार आले तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या खात्यातून पैसे काढले. तीन हप्ते साठवून सासूला तालुक्याला नेलं, उरलेल्यातून दोन कोंबड्या घेतल्या. पैसे उडवतात असं शहरात फार ऐकते. मध्य प्रदेशात 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ च्या सुमारास आठ गावांत प्रयोग केला. प्रत्येक माणसाला दरमहा थोडे पैसे, कसलीही अट नाही. लोकांनी कामं सोडली नाहीत, उलट आपल्या शेतावरची वाढवली. सावकाराकडे जाणं कमी झालं, मुलांची वजनं सुधारली. गरिबाला पैशाचं कळतं, दादा. त्याच्याइतकं बारीक कुणालाच कळत नाही.

चाकणचा कांदा

दोघांनाही नमस्कार, आणि दोघांशीही असहमती.

काम द्यायचं की पैसे, हा वाद दवाखान्यातला आहे. रोग शेतात आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच चाकणला, आमच्या डोळ्यांसमोर सांगत होते. १९८० मध्ये कांद्यासाठी रस्त्यावर बसलो तेव्हा माझं वय सतरा. घोषणा होती, "भीक नको, हवे घामाचे दाम". शेतमालाला भाव मिळाला तर शेतकरी मजुराला मजुरी देईल, गावातला सुतार, लोहार, दुकानदार सगळे उभे राहतील, आणि सरकारला तिथं वाटप करायला यावंच लागणार नाही.

आणि भाव का मिळत नाही? सरकार पाडतं म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. त्या हिवाळ्यातली माझ्या चुलतभावाची पट्टी, म्हणजे विकलेल्या कांद्याच्या हिशेबाची पावती, मी जपून ठेवली आहे. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता जे उरलं त्यात काढणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. त्याच भावाच्या खात्यावर किसान सन्मानचे वर्षाचे ६,००० येतात, राज्याचे आणखी ६,०००. एका बंदीत गेलं त्याच्या पासंगाला तरी ते पुरतात का?

ताई, तुमच्या वाडीवरच्या बाईबद्दल मला आदर आहे. पण मदतीची सवय लागलेलं गाव मत देताना भावाचं विचारत नाही, हप्त्याचं विचारतं. हे मी आमच्याच आळीत बघतोय.

उस्मानाबादहून जनता वसाहत

चाकणकर, तुमचं बोलणं मी लहानपणापासून ऐकतो, आणि दर वेळी एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्याकडे विकायला कांदाच नाही, त्यानं काय करायचं?

आमच्या आजोबांकडे एक गुंठाही नव्हता. ज्वारीला भाव आला की आमच्या घरात आनंद होत नसे, भाकरी लहान होत असे. भाव वाढला तर मजुरी वाढेल हे तुम्ही सांगता. वाढतेही, पण भाव वाढतो आज आणि मजुरी वाढते दोन वर्षांनी, तीही मजुरांनी भांडण काढल्यावर. गाव म्हटलं की तुमच्या मनात शेतकरी येतो. माझ्या मनात गावकुसाबाहेरची वस्ती येते.

आणि माणदेशी, तुम्हालाही सांगतो. ७२ ला माझी आजीसुद्धा पाझर तलावाच्या कामावर होती. तिनं माती वाहिली, मजुरी घेतली, काम संपलं. तलावाचं पाणी कुणाला मिळालं? तलावाखाली ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना. त्यांचा ऊस झाला, त्यांची पोरं पुण्यात शिकायला आली. आमच्या आजीची मजुरी त्याच महिन्यात संपली, आणि ती मजुरी ज्यातून उभी राहिली ती मालमत्ता अजून दुसऱ्याच्या रानात आहे. रोजगार हमीनं भूक भागवली, हे मी मान्य करतो. जमिनीची वाटणी होती तशीच ठेवली, हे तुम्ही मान्य करा.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना सांगितलं होतं की खरा प्रश्न तुकड्यांचा नाही, जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार आहे. उपाय उद्योगधंदा. माझ्या आईनं तो उपाय स्वतःच्या पायांनी शोधला. दुष्काळात पुण्याला आली, पर्वतीच्या पायथ्याला झोपडं टाकलं, कागद-काच गोळा करायला लागली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, तिला ओळखपत्र मिळालं. गावात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. त्या ओळखपत्रावर तिचं नाव होतं. तेव्हा गावाचं कल्याण म्हणजे माणसाला गावातच धरून ठेवणं, हे तुम्ही सगळे जे गृहीत धरताय त्याला माझा विरोध आहे.

माणदेशी

उस्मानाबादकर, तलावाखालच्या विहिरींचा मुद्दा मान्य. आमच्या आजीच्या बाबतीतही तेच झालं, फक्त आम्हाला दोन एकर कोरडवाहू होती, म्हणून ते मला इतकं टोचलं नसावं. हे आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं.

पण त्यावर उपाय योजना सोडून देणं नव्हे. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड रोहयोत (रोजगार हमी योजनेत) आली, सिंचन विहीरही आली. अनुसूचित जाती-जमातींच्या, लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातलं काम, मजुरीही त्यालाच. आमच्याकडची डाळिंबं आणि बोरं त्यातूनच उभी राहिली. भूमिहीनाला यात काही नाही हे खरं. त्याला गायरानावर, तलावाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर हक्क दिला तर?

ताई, म्हातारी, गरोदर, अपंग यांना पैसेच द्यायला हवेत, यात वाद नाही. माझा प्रश्न धडधाकट माणसाचा आहे.

बीएमसीसी रस्ता

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, थोडं बोलते. हा वाद पुण्यातच एकदा झडून गेलाय. गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला की ग्रामीण भागातले साधारण ४० टक्के लोक किमान गरजेइतकाही खर्च करू शकत नाहीत. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून सार्वजनिक कामं काढा, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे सरकारनं कर्जावर म्हशी-शेळ्या वाटायला घेतल्या, तेव्हा १९८५ मध्ये रथ यांनी लिहिलं की ज्याच्याकडे चारा नाही, बाजार नाही, त्याला म्हैस देऊन तो गरिबीतून वर येत नाही. मजुरीचं कामच जास्त उपयोगी.

पण माणदेशी सर, त्यांचा हिशेब ज्या काळातला आहे तेव्हा उन्हाळ्यात हात रिकामे असायचे. २०२५-२६ मध्ये रोहयोची मजुरी ३१२ रुपये होती. तुमच्याच तालुक्यात डाळिंबाच्या छाटणीला किंवा पुण्यात बांधकामावर त्याहून जास्त मिळते. रजिस्टर कोरं आहे ते बायकांनी हक्क सोडला म्हणून, की त्यांना याहून बरं काही सापडलं म्हणून? तुम्ही विचारलं होतं का त्यांना?

माणदेशी

नाही विचारलं. विचारायला हवं होतं.

निवृत्त ओव्हरसियर

मी जलसंधारणाच्या कामावर एकतीस वर्षं मोजमापं घेतली. मला सिद्धांत येत नाहीत, पण रजिस्टर कोरं का हे सांगू शकतो.

जुन्या पद्धतीत तालुक्याला कामांचे आराखडे मंजूर करून तयार ठेवलेले असत. पन्नास मजुरांनी मागणी केली की आराखडा बाहेर काढायचा आणि काम चालू. शक्यतो गावाच्या जवळपास. मजुरी ठरायची मापावर. माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. ओव्हरसियरनं मुरमाला माती लिहिलं की टोळीची मजुरी तिथंच कापली गेली. बायकांचा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीवर असायचा, आणि तो रास्त होता. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका म्हातारीनं माझ्या हातातली टेप धरली. म्हणाली, "साहेब, पहारीला विचारा, ही माती हाय का." मी पहार मारली. ठिणगी उडाली. त्या दिवशी दर बदलून लिहिला. त्यानंतर पहार मारल्याशिवाय वर्ग लिहिला नाही.

मग जेसीबी आला. जे काम दीडशे माणसं महिनाभर करतील ते यंत्र चार रात्रींत करतं. रात्री यंत्र, दिवसा मस्टर (हजेरीपट), आणि मस्टरवर नावं अशांची की जी कामावर आलीच नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं, दोनदा वर कळवलं, आणि दोन्ही वेळा माझी बदली झाली. आता दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो काढून हजेरी घेतात. चोरी थांबावी हा हेतू चांगला. पण डोंगराच्या कुशीत रेंज नसते, फोटो चढत नाही, आणि दिवसभर राबलेल्या बाईचा खाडा पडतो. मजुरी कधी येईल सांगता येत नाही. अशा कामाला कोण येईल? खाजगी बागाईतदार संध्याकाळी रोख देतो.

बाई काम मागत नाही कारण मागून मिळत नाही, मिळालं तर मजुरी वेळेवर मिळत नाही. त्यामुळे त्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर तिला वाटतं तेवढं सुखाचं नाही.

वेल्ह्याची वाट

काका, पहारीची गोष्ट मी आमच्या सगळ्या ताईंना वाचून दाखवणार आहे.

पण बघा, तुमचंच बोलणं माझ्या बाजूनं जातं. मध्ये इतके हात असले की प्रत्येक हात काहीतरी काढून घेतो. थेट पैशात हात कमी.

निवृत्त ओव्हरसियर

हात कमी आहेत, पण नाही असं नाही ताई. माझ्या बहिणीचा अंगठा उठत नाही म्हणून तिला रेशन दुकानातून तीनदा परत पाठवलं. माणसानं अडवलं तर त्याच्याशी भांडता येतं. यंत्रानं अडवलं तर भांडायचं कुणाशी हेच तिला कळेना.

पाटोदा ते कोथरूड

इतका वेळ वाचत होतो. एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती उचल.

आमच्या बीड जिल्ह्यात पावसाळ्यात ऊसतोडीचे मजूर जमवणारा मुकादम घरी येतो आणि एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एकरकमी उचल देतो. बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, मागच्या वर्षीची फिटायची राहिलेली बाकी, सगळं त्यात. मग सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत, आजारपणात खाडा नको म्हणून आमच्या बायकांनी काय केलं ते २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

आता बघा. रोजगार हमी रोजचे तीनशेच्या आसपास देते, तेही उशिरा. लाडकी बहीण महिन्याला १,५०० देते. कांद्याचा भाव आमच्याकडे कांदाच नाही म्हणून सोडा. पण गरिबाची अडचण महिन्याच्या मापानं येत नाही, ती एकदम येते, आणि तेव्हा दारात फक्त मुकादम उभा असतो. गरिबाच्या हातात किती पडलं हे तुम्ही सगळे मोजताय. नड आली त्या दिवशी पडलं का, हे कोण मोजणार? मला विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर, उचलीच्या आधी, सहकारी पतसंस्थेतून मिळणारं बिनव्याजी कर्ज हे या दोन्ही योजनांपेक्षा मोठं कल्याण आहे. माझी आई एका वर्षी उचल न घेता घरी राहिली, कारण मामानं ऐनवेळी पैसे दिले. त्याच वर्षी मी दहावी झालो. बाकी भावंडं नाही झाली.

चाकणचा कांदा

पाटोदेकर, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. उसाला दर मिळावा म्हणून आम्ही किती आंदोलनं केली. तोडणीच्या दराचं त्यात कितीदा बोललो, आठवून पाहतोय. फार नाही बोललो.

भावाची लढाई मी सोडणार नाही. पण भाव मिळाला की सगळं आपोआप खाली झिरपेल, हे माझं वाक्य मी आता तसंच म्हणणार नाही. उस्मानाबादकरांना उत्तर देणं बाकी आहे, देईन.

माणदेशी

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावी जाणार आहे. आधी बायकांना विचारीन, काम हवंय का, कोणत्या महिन्यात, किती दिवस. हवं असेल तर नमुना ४ च्या प्रती इथूनच छापून नेतो आणि प्रत्येकीची पोच घेतल्याशिवाय उठत नाही. केंद्राच्या कायद्याचे दिवस संपले तरी आपल्या राज्याचा कायदा पुढं काम देतो, हेही सांगायचंय. नको असेल तर तेही इथं येऊन लिहीन. ओव्हरसियर काका, मोजमापाचं समजावायला याल का? स्वारगेटहून सकाळी निघू.

निवृत्त ओव्हरसियर

येतो. टेप माझी आहे. पहार गावात मिळेल.

उस्मानाबादहून जनता वसाहत

जरूर जा. फक्त एक करा. पहिलं काम निघेल तेव्हा तो बंधारा कुणाच्या रानाच्या वरच्या अंगाला बांधायचा, हे त्याच ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, वस्तीवरच्या लोकांना पुढं बसवून ठरवा. आणि काय ठरलं ते इथं लिहा. मी वाट बघतोय.